शबनमच्या वाट्याचं पाणी

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला तरी श्रीमंत केडगावला परतला नव्हता, तेव्हाच ज्योतीनं ओळखलं की धाकट्या दिराच्या पोटात काहीतरी शिजतंय. एरवी लक्ष्मीपूजन आटोपलं की त्याला शहरातली कामं आठवायची. या खेपेला मात्र तो रोज सकाळी चहाचा कप घेऊन गोठ्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडकडे जायचा, नावेभोवती फेऱ्या मारायचा आणि मोबाईलवर फोटो काढायचा.

तिसगावात रंगनाथ नरवड्यांचं घर विचारलं तर लोक आधी उलट विचारतात, ‘नाववाले व्हय?’ उन्हाळ्यात जिथं टँकरच्या वाटेवर हंडे रांगेला लागतात, तिथं माणसानं नाव पाळावी हे पाहुण्यांना खोटं वाटतं. पण नाव होती. सागवानी, एका डोलकाठीची, दोन माणसं निजतील एवढ्या केबिनची, किनारा धरून शिडावर मुंबईहून गोव्यापर्यंत जाऊन येईल अशी. माझगावच्या धक्क्यावर जैनुद्दीन मिस्त्रींनी ती एका हौशी साहेबासाठी बांधली होती. साहेब म्हातारा होऊन गेला आणि नाव मिस्त्रींकडेच राहिली. पुढं धक्क्यावरची ती जागाच उठली. नाव फोडून सरपण व्हायची वेळ आली, तेव्हा दुष्काळात कधीकाळी मिस्त्रींच्या शेजारी राहिलेल्या रंगनाथनं वाशीला कांदा टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकवर तिला चढवली आणि घाट ओलांडून घरी आणली. पुढच्या टोकाला मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं आपल्या बायकोचं नाव कोरलं होतं, शबनम.

ट्रक सुटताना मिस्त्री म्हणाले होते, “रंगनाथ, जागा नाही म्हणून देतोय. माझ्या घरचं कोणी आलं, तर तिला पाण्यावर तरंगती परत दे.” रंगनाथनं ट्रकच्या पाठीवरून हात वर केला होता. तो शब्द त्यानं घरात इतक्यांदा सांगितला होता की नातवंडांना पाढ्यांआधी तो पाठ झाला.

मिस्त्री गेले, शबनमभाभी गेल्या, कोणी आलं नाही. नाव शेडमध्ये राहिली आणि घरातलीच झाली. पाडव्याला तिच्याच डोलकाठीवर गुढी उभी राहायची. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिंगूळ तिच्या पुढच्या टोकाला लागायचा आणि पुरणपोळीचा घास तिलाही दाखवला जायचा. एका वर्षी आसारामनं तिचं शीड कांद्याच्या चाळीवर झाकलं, तर रंगनाथ आठ दिवस थोरल्या मुलाशी बोलला नाही. गाव थट्टेनं नावेला मालनबाईची सवत म्हणायचं. रोज संध्याकाळी मालनबाई कळशी घेऊन शेडमध्ये जायची आणि नावेच्या काठावरून आत पाणी ओतून यायची, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिलेलं होतं. सवतीवर राग काढते, असंच सगळे समजत. ज्योतीही तसंच समजायची. टँकरच्या दिवसांत सासूबाईंनी चांगलं पिण्याचं पाणी तिथं ओतलेलं पाहून ती एकदा चिडलीही होती, पण सासूच्या रागाची वाट अडवणं सुनेचं काम नव्हे, म्हणून गप्प बसली.

यंदा पोळ्याला रंगनाथची नात राजनंदिनी पुण्याच्या कॉलेजातून आली आणि हार घातलेल्या नावेचा व्हिडिओ काढून गेली. तो फिरत फिरत श्रीवर्धनला पोचला. तिथून एक फोन आला, “मी फैयाज बोलतोय. जैनुद्दीन मिस्त्रींचा नातू. ते पुढचं टोक माझ्या नानांच्या हातचं आहे ना?”

फैयाज आणि त्याची आई शमशाद, मिस्त्रींची लेक, आज येणार होते. आणि घोडं अडलं होतं शेततळ्यावर.

“तरंगती द्यायची म्हनजे द्यायची,” रंगनाथ ओट्यावर काठी आपटत म्हणाला. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडल्यापासून काठी त्याचा तिसरा पाय झाली होती. “शेततळं काठोकाठ भरल्यालं हाय. हायड्रा क्रेन बोलवा, तळ्यात सोडा, तरंगली की शमशादच्या हातात दोर देतो. मंग ट्रकवर चढवा न्हाईतर इमानात.”

“आबा, तळ्यात पलास्टिकचा कागद हाय कागद,” आसाराम म्हणाला. तो मोठा मुलगा, शेती त्याच्याच अंगावर. “नावंचा बूड घासला आन् कागद फाटला तर आठ दिवसांत तळं कोरडं. संत्र्याच्या बागंला उन्हाळ्यात काय पाजू? माजा घाम?”

“म्हणूनच म्हणतो, माझं ऐका,” श्रीमंतनं शेवटी पोटातलं ओठावर आणलं. “पुणे रोडला एक हॉटेलवाला आहे. त्याला नाव दारात लावायचीय, लायटिंग करून. आत टेबलं. लोक फोटो काढतील. पाण्यात घालायची कटकटच नाही, आणि आपल्यालाही येता-जाता दिसेल.”

“आन् ते पाव्हणे?”

“ते बघायला येतायत, दादा. श्रीवर्धनपर्यंत कोण नेतंय एवढं जुनं लाकूड? त्यांना जेवू घालू, मान करू.”

ज्योतीला दिराचं म्हणणं मनातून पटलं होतं. शेड मोकळी झाली तर कडबाकुट्टीचं मशीन आत घेता आलं असतं. “मामा, तिथं निदान सावलीत राहील,” ती सासऱ्यांना हळूच म्हणाली.

रंगनाथनं दोघांकडे पाहिलं. “मेल्यालं जनावर पेंढा भरून दारात हुभं करत्यात, तसं?”

आत मालनबाई भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज तेवढा थोडा वाढला.

*

शमशाद जीपमधून उतरली तेव्हा तिला आधी वासानं गाठलं. तव्यावरच्या बाजरीच्या भाकरीचा वास. माझगावच्या खोलीत हा वास फक्त एका बाईच्या चुलीतून यायचा, आणि तेव्हा शमशाद एवढीशी होती. दारात उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहून तिनं एकदम विचारलं, “मालनकाकी?”

मालनबाईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि तिच्या तोंडावरून फिरवले. “डोळं तिचंच हायती,” ती म्हणाली. “शबनमभाभीचं. ये गं बाय. आधी पाय धू, पानी घे.”

जेवणं झाली. श्रीमंतनं हॉटेलचा विषय काढायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मालनबाईनं त्याच्या पानात भाकरी वाढली. फैयाजला जेवणात गोडी नव्हती असं नाही, पण त्याचं लक्ष शेडकडे होतं. हात धुतले आणि तो शिडी लावून नावेत चढला.

शेडमधल्या सावलीत सगळे उभे राहिले. फैयाजचा आवाज आतून येत होता, टकटक येत होती. तो श्रीवर्धनच्या खाडीवर लाकडी नावांची डागडुजी करायचा, आणि ही नाव समुद्रावर न्यायची हे त्यानं व्हिडिओ बघतानाच ठरवलं होतं. खाली उतरून बाहेरून त्यानं फळ्यांच्या सांध्यांवर बोट फिरवलं आणि थक्क झाला.

“आसाराममामू, एकही फट नाही! कोरड्या मुलखात इतकी वर्षं उभी असलेली नाव उन्हानं उघडते. फळीफळीतून उजेड दिसायला पाहिजे होता.”

आसारामला बरं वाटलं. “बैलगाडीच्या चाकांगत हाय ते,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात चाकं सुकली की लोखंडी धाव निखळते. आमी वल्लं पोतं टाकतो वरनं.”

“मीबी पोती लावत हुतो बाहीरनं,” रंगनाथ म्हणाला. “उन्हाळ्याचं.”

फैयाज पुन्हा आत गेला. यावेळी बराच वेळ टकटक आली नाही. मग तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. हातातल्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला काळपट भुसा लागला होता.

“आत तळाशी पाणी साचतंय,” तो म्हणाला. “फळ्या सागाच्या, त्या टिकल्या. पण आतल्या बरगड्या बाभळीच्या आहेत. पायथ्याशी दोन बरगड्या मऊ झाल्यात, हे आत घुसतंय. पाणी खारं असतं तर काही झालं नसतं. मिठात लाकूड कैरीसारखं मुरतं, टिकतं. गोडं पाणी मात्र नावेला आतून खातं. कुठून येतंय हे पाणी? पत्रा गळतो का?”

“पत्रा गळत आसंल तर तो दादाचा कारभार,” श्रीमंत पटकन म्हणाला. “शेडचं मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं.”

“सांगितलं हुतं! तू केडगावातनं फोनवर सांगतो, शिडीवर कोन चढतं?”

“बाग सुचते, नाव सुचत नाही तुला.”

“आन् तुला हाटेल सुचतं! आरं, पत्रा नवा हाय, ये, वर चढून बघ!”

“भांडू नका,” ज्योती म्हणाली आणि म्हणता म्हणता थांबली. तिच्या डोळ्यांपुढं संध्याकाळची कळशी आली. तिनं सासूकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. पण ते पाहणं मालनबाईला दिसलं होतं.

“पत्रा न्हाई गळत,” मालनबाई म्हणाली. “म्या घालते पानी.”

सगळे तिच्याकडे वळले.

“रोज संध्याकाळी. एक कळशी. तुमी समदे म्हनता सवतीवर राग काढते, म्हना. म्या कदी न्हाई म्हनलं न्हाई.” ती शमशादकडे वळली. बाकीच्यांना सांगण्यात तिला अर्थ वाटत नव्हता. “दुष्काळानं आमी माझगावला गेल्तो, पोरी. हा आसाराम तिथंच झाला, तुमच्या खोलीच्या मागल्या खोपीत. म्होरं बगावं तर डोळं फाटतील इतकं पानी, आन् प्यायला थेंब न्हाई. तुझी आई लांबच्या नळावनं डोक्यावर पानी आनायची. घरात तुमी पाच तोंडं. तरी माज्या बाळंतपनात रोज एक कळशी गोडं पानी माज्या आन् ह्याच्या अंगावर घातलं तिनं. खाऱ्या पान्यानं वल्ल्या बाळंतिनीचं अंग चिरतं म्हनायची. सवता मातर भरतीच्या पान्यानं धुवायची.”

“अम्मी सांगायची तुमच्याबद्दल,” शमशाद म्हणाली. “पण पाण्याचं नाही सांगितलं कधी.”

“कशाला सांगंल? देनारा सांगत न्हाई.” मालनबाईनं कोरलेल्या अक्षरांवर हात ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, पण ही अक्षरं कोणती हे तिला ठाऊक होतं. “मंग तिचं नाव घिऊन ही आमच्या दारात आली. आसल्या कोरड्या गावात. मला वाटलं, हिला तहान लागत आसंल. पान्यातली लेक ती. म्हनून माज्या वाट्याची एक कळशी हिची. टँकर आला तरी, न्हाई आला तरी.” ती फैयाजकडे वळली. “आन् तू म्हनतो गोड्या पान्यानं कुजली. म्हंजे म्याच खाल्ली व्हय रं हिला?”

फैयाजला कुठं बघावं कळेना. खरं ते तो बोलून बसला होता. आसारामनं आईच्या खांद्याला हात लावला. आपल्याला कोणी पहिलं पाणी घातलं हे त्याला आज कळत होतं, आणि सकाळपासून तो तळ्यातल्या पाण्याचा हिशेब करत बसला होता.

तेव्हा रंगनाथ खाकरला.

“न्हाई खाल्ली तू,” तो म्हणाला. “म्या काढत हुतो.”

“काय काढत हुता?”

“पानी. तू संध्याकाळी घालायची, म्या सकाळी काढायचो.”

मालनबाई नवऱ्याकडे अशी पाहत राहिली की जणू हा माणूस तिला आज कोणी दाखवायला आणलाय.

“मिस्त्रींनी ट्रकवर चढवताना सांगितलं हुतं, पावसाचं पानी आत राहू दिऊ नको,” रंगनाथ काठीच्या मुठीवर नजर ठेवून सांगत होता. “पयल्या दिवशी तू कळशी वतून आली, मला वाटलं रागानं वतली. दुसऱ्या दिवशी माग काढत आलो. तू हिच्या नावावर हात ठिवून काय काय बोलत हुती. बाळंतपनाचं, भाभीचं. म्या तसाच मागं फिरलो. मंग रोज पहाटं तांब्या आन् फडकं घिऊन वर चढायचो, आत पुसून काढायचो. तुमी म्हनायचा, आबा नावंत बसून देवाचं नाव घेत्यात.”

“मला सांगितलं का न्हाई मंग? एका शब्दानं?”

“काय सांगू? तू उपकार फेडत हुती. फेडनाऱ्याचा हात धरू नाई.” त्यानं खुब्यावर हात ठेवला. “खुबा मोडल्यापून शिडी चढता येईना. आसारामला सांगावं तर तुझं समदं उघडं पडंल. दोन वर्षांचं पानी ऱ्हायलं आत, तेवढं त्या बरगड्यांनी खाल्लं. दोष माजा हाय, तुजा न्हाई.”

फैयाज मध्येच बोलला, आणि त्याच्या आवाजात आता घाई होती. “रंगनाथनाना, थांबा. म्हणजे रात्रभर आत ओल असायची आणि दिवसा पुसलेली असायची? इतकी वर्षं? म्हणून फळ्या उघडल्या नाहीत! काकींनी पाणी घातलं नसतं तर ही केव्हाच फाटली असती. आणि तुम्ही काढलं नसतं तर कुजली असती. दोन बरगड्या काय, मी बदलीन. बाकी नाव जिवंत आहे.”

शमशाद मालनबाईच्या जवळ गेली. “काकी,” ती म्हणाली, “अम्मी गेली तेव्हा मी तिच्या कबरीवर पाणी घातलं. एकदा. मग लग्न, मुलं, श्रीवर्धन. तुम्ही तिला रोज पाणी घालत होतात. मी तुमचे उपकार कुठं ठेवू?” आणि दोघी बायका मोकळेपणानं रडल्या. ज्योतीनंही पदर डोळ्याला लावला. तिला तो टँकरचा दिवस आठवत होता आणि आपण त्या दिवशी गप्प बसलो याचं तिला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटत होतं.

आसारामनं खिशातून मोबाईल काढला. “श्रीमंत, त्या हायड्रावाल्याचा नंबर तुझ्याकं हाय का?”

“आहे. पण दादा, कागद?”

“फाटला तर चिकटवू. न्हाई चिकटला तर नवा टाकू. माज्या अंगावर पयलं पानी पडलं ते हिच्या नावाच्या बाईनं घातल्यालं. तळं आज हिचं.”

*

हायड्रा येईपर्यंत दुपार कलली. तिसगावातली अर्धी माणसं शेततळ्याच्या बांधावर जमली, कारण गावात लग्न असलं की बोलावणं लागतं, तमाशाला लागत नाही. ज्योती घरातल्या सगळ्या गोधड्या घेऊन आली, बाळंतपणाच्या वेळी माहेरून आलेलीसुद्धा, आणि तळ्याच्या उतारावर कागदावर पसरून मोकळी झाली. “वहिनी, ती राहू द्या, चिखलात जाईल,” श्रीमंत म्हणाला. “जाऊ दे की. धुता येती,” ती म्हणाली.

पट्ट्यांत झुललेली नाव वर उचलली गेली तेव्हा बांधावरची पोरं चवड्यांवर उभी राहिली. शेडबाहेर तिला अशी सगळीच्या सगळी कोणी पाहिली नव्हती. पोटाशी फुगीर, पुढं निमुळती, टोकाला पोळ्याचा हिंगूळ. श्रीमंतनं पुढचा दोर धरला होता. त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं एका हातानं तो कानाला लावला, ऐकलं आणि म्हणाला, “नाही साहेब, ती रिकामी नाही. आमच्या पाहुण्यांची आहे. हां, सापडली दुसरी तर सांगतो.” फोन खिशात टाकून त्यानं दोर दोन्ही हातांनी धरला.

नाव गोधड्यांवरून सरकून पुढं गेली, हळूहळू खाली आली आणि पाण्याला टेकली. पट्टे सैल झाले. ती डावीकडे कलली. मालनबाईनं डोळे मिटले. मग ती सावकाश सरळ झाली, दोनदा मान हलवल्यासारखी हलली आणि स्थिर राहिली.

फैयाज दोर धरून तिच्यावर उतरला आणि आत दिसेनासा झाला. बांधावर सगळे वाट पाहत होते. रंगनाथनं मिस्त्रींना दिलेला शब्द आता त्या पोराच्या हातात होता.

बराच वेळ झाला. कोणीतरी म्हणालं, आत पाणी शिरलं असणार. आसारामनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागच्या मागं सरकला.

फैयाज वर आला. त्यानं उजवा तळहात उंच धरला आणि सगळ्यांना दिसेल असा फिरवला. कोरडा होता.

“थेंब नाही!” तो ओरडला. “रंगनाथनाना, एक थेंब नाही!”

बांधावर शिट्ट्या झाल्या, कोणी गुलाल शोधू लागलं. श्रीमंतनं दोर आणून बापाच्या हातात दिला. रंगनाथनं तो क्षणभर नुसता धरला. पलीकडून नावेची बारीक ओढ त्याच्या बोटांना लागत होती, खुंट्याला बांधलेल्या वासराची लागते तशी. इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी ओढलं नव्हतं.

“शमशाद,” तो म्हणाला, “घे. मिस्त्रींचं मिस्त्रींला. तरंगती दिली.”

शमशादनं दोन्ही हातांनी दोर घेतला आणि कपाळाला लावला.

आता बरगड्यांचं उरलं. फैयाज सांगत होता की बरगडीला सरळ लाकूड कापून चालत नाही, मुळात वाकडं वाढलेलं बाभळीचं खोड लागतं, आणि तसं खोड आजकाल खाडीवर मिळत नाही. बोलता बोलता त्याची नजर शेडच्या मागं गेली. तिथं पत्र्याची कड चुकवून बाहेर वाकलेली एक बाभळ उभी होती, तिसगावातल्या एकाही बाभळीला नाही एवढी हिरवीगार.

“ही कोणाची?”

आसाराम हसला. ती बाभळ तोडायची म्हणून तो दरवर्षी कुऱ्हाड काढायचा, शेळ्यांच्या पायात काटे मोडतात म्हणून, आणि रंगनाथ दरवर्षी आडवा यायचा. “आबा,” त्यानं विचारलं, “नावंतनं काढल्यालं पानी कुटं वतायचा वो तुमी?”

“कुटं वतनार?” रंगनाथ म्हणाला. “तिचं पानी वाया कसं घालवू? घातलं हिच्या बुडाशी.”

यावर मालनबाई अशी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “बाभळीला पानी घालनारा मानूस! आन् शहाना म्हनं ह्याला गाव.”

आसारामनं स्वतः कुऱ्हाड घेतली. फैयाजनं खडूनं खूण केली तेवढंच वाकडं खोड तोडलं, मूळ आणि एक फांदी राखली. हे लाकूड आधी एक पावसाळा खाडीच्या पाण्यात मुरवायचं, मग नावेत बसवायचं, असं फैयाजनं सांगितलं. “म्हंजे आमच्यातलं कोनतरी समुद्रावर चाललं म्हना की,” आसाराम म्हणाला, आणि नावेसाठी बोलावलेल्या ट्रकवर ते खोड स्वतः उचलून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव ट्रकवर चढली. लेकीला पाठवताना भरतात तशी मालनबाईनं तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, आणि ज्योतीनं आणून दिलेला नवा खण. फैयाजनं ते सगळं केबिनमध्ये नीट ठेवलं. शेवटी मालनबाईनं मुठीतून मिठाचे खडे काढले आणि नावेच्या पोटात टाकले. “आता वाटंत गोड्याची भानगड नको,” ती म्हणाली. शमशादनं तिला मिठी मारली, आणि नाव पहिल्यांदा खाडीत उतरेल तेव्हा काका-काकींनी श्रीवर्धनला आलंच पाहिजे असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. श्रीमंत म्हणाला, गाडी माझी. ट्रक फाट्यावर वळेपर्यंत डोलकाठी दिसत होती.

दिवस कामात गेला. उन्हं उतरली. ज्योती अंगणात धार काढून येत होती तेव्हा तिला दिसलं की सासूबाईंनी सवयीनं माठाजवळची कळशी भरली आहे, आणि कमरेवर घेऊन शेडकडे निघाल्या आहेत. ज्योतीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मालनबाई शेडच्या तोंडाशी जाऊन थांबली. आत नावेच्या आकाराची मोकळी जमीन होती, तिथं गवत उगवलेलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली, कळशी जड होईपर्यंत.

ओट्यावरून रंगनाथचा आवाज आला. “सवत गेली की गं. आता कुनाला पाजती?”

ती वळली आणि सावकाश ओट्यापर्यंत आली. कळशी खाली ठेवली, त्याच्या पायाशी बसली आणि त्याच्या धोतराचा काठ वर सारला.

“पाय पुढं करा,” ती म्हणाली.

“आगं, पिन्याचं पानी हाय ते.”

“ठावं हाय मला. करा पुढं.”

रंगनाथनं पाय पुढं केले. तिनं ओंजळ भरली.